तीन बाह्यांचा कोट

टेलरकाकांच्या दुकानात काका, काकू आणि मॅनेजर. मॅनेजर म्हणजे काकांच्या कंबरेला लागणारा तांबूस, धिप्पाड कुत्रा. गिऱ्हाईक आलं की आधी तो हुंगणार, मग काका टेप काढणार.

हा मॅनेजर पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागला. काकांनी निदान ठोकलं, "मुरगळलाय." महिनाभर तेल चोळलं. कुत्रा कण्हला की म्हणायचे, "लाडावलाय!"

शेवटी काकू कडाडल्या, "सगळ्या गल्लीची मापं घेता, त्याचं घ्या की एकदा!"

काकांनी टेप लावला. पंजाच्या वर डावा पाय उजव्यापेक्षा पाऊण इंच जाड! काकांचा चेहरा उतरला. टेप कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतात गिऱ्हाइकं, तीही पोटाच्या मापाबद्दल.

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला, हाडाचा कण तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "काका, हाडाचा कॅन्सर आहे. मोठ्या चणीच्या कुत्र्यांना जास्त होतो. हाड आतून पोखरलंय. तेल चोळणं आजपासून बंद, नाहीतर मोडेल ते. छातीचा फोटो स्वच्छ आहे, म्हणजे फुप्फुसात पसरल्याचं दिसत नाही, म्हणून सांगते, पाय काढू. मग केमो, तीन-तीन आठवड्यांनी चारदा."

"बरा होईल?"

"कायमचा, असं नाही म्हणत. वर्षभर मिळेल, कदाचित जास्तही. पण हे दुखणं पायाबरोबर जाईल."

सहीची वेळ आली आणि चाळीस वर्षं कात्री चालवणाऱ्या काकांनी पेन खाली ठेवलं. "कापड चुकलं तर दुसरं आणता येतं हो, बाई..."

"पाय त्याचा, आणि रडताय तुम्ही!" काकू म्हणाल्या. "बघा तरी, टेकतो का तो पाय?"

मॅनेजर तीनच पायांवर उभा राहून डॉक्टरबाईंच्या खिशातली बिस्किटं हुंगत होता. काकांनी सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी काकांना घरात चैन पडेना. त्यांनी मशीन ओढलं आणि मॅनेजरसाठी उबदार कोट शिवला. टाके निघाल्यावर थाटात घातला, तर काकू हसून हसून खाली बसल्या. "अहो, ही चौथी बाही कुणाची?"

हात सवयीचा गुलाम! जुन्या मापावर चार बाह्या शिवून मोकळा.

काका कात्री घेऊन वाकले, तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. मॅनेजर सुटला! तीन पायांवर, रिकामी बाही फडफडवत, गिऱ्हाइकाला हुंगून थेट रस्त्यावर. मागे काका, हातात कात्री, गळ्यात टेप. कोपऱ्यापर्यंत पोचता पोचता काकांना धाप लागली; मॅनेजर परत येऊन त्यांचीच वाट बघत उभा. धापा टाकत काका ओरडले, "अगं, पळतोय बघ! लंगडत नाहीये!"

चौथ्या केमोला छातीचा फोटो पुन्हा स्वच्छ आला. काकांनी चौथी बाही कापून तिथे बिस्किटांचा खिसा शिवला.

हल्ली गिऱ्हाईक आलं की मॅनेजर हुंगत नाही. आधी खिसा दाखवतो.