मीच बसवलेला फीड पंप

माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात माझ्या अंगाला डिझेलचा वास येत होता, ही गोष्ट खरी आहे.

कार्यक्रम वाशीमला होता आणि आसेगावहून सगळे आमच्याच पिकअपमध्ये जाणार होते. आदल्या दिवशी गाडी गचके खात बंद पडली. मेकॅनिक म्हणाला, "फीड पंप गेला," आणि स्वतः सासुरवाडीला गेला. (टाकीतलं डिझेल इंजिनाकडे ओढणारा हा मुठीएवढा पंप.) मी शेलूबाजारहून नवा आणला आणि घरात जाहीर केलं, "मीच बसवतो. मोबाईलवर पाह्यलं म्या."

"मोबाईलवर तं लोकं विमान बी चालवतात," बायको म्हणाली.

सकाळी बोनेट उघडलं. आबा, म्हणजे माझे वडील, नवं धोतर नेसून मार्गदर्शनाला उभे राहिले. मी पाईप सोडला. डिझेलची धार थेट धोतरावर!

"साखरपुडा पोरीचा हाय," आबा शांतपणे म्हणाले, "मले कायले आंगोळ घालून राह्यला?"

जुना पंप काढला. हौसेने डिझेलमध्ये धुतला, तर त्याच्या आतल्या जाळीतून गाळच गाळ निघाला. धुतलेला पंप नव्याशेजारी पोत्यावर ठेवला, आबांना धोतर पुसायला फडकं दिलं, मग पंप उचलून बसवला. लाईनमधली हवा काढली. एव्हाना बहीण मनीषा नटून ओट्यावर आली होती.

"दादा, खरं सांग. ऑटो सांगू का?"

तिचा आवाज रडवेला झाला होता.

चावी फिरवली. नुसतीच घरघर. पुन्हा हवा काढली, पुन्हा चावी. गाडी खोकली, धूर ओकली आणि धडधडायला लागली. मनीषा हसली.

वाटेत मी सगळ्यांना पंपाचं शास्त्र समजावत होतो. घाईत हत्यारांसकट केबिनमध्ये कोंबलेलं पोतं बायकोच्या पायाशी खडखडत होतं. तिने ते सरकवलं, आत हात घातला आणि एक कोराकरकरीत पंप माझ्यासमोर धरला.

"मंग हा कोणता हाय?"

नवा. मी धुतलेला जुनाच परत बसवला होता. बिघाड पंपात नव्हताच, जाळीतल्या गाळात होता.

मी ब्रेकवर पाय ठेवला.

"थांबू नोको," आबा म्हणाले. "चालते तं चालू दे."

साखरपुडा वेळेवर झाला. दुसऱ्या दिवशी मी पंप परत करायला शेलूबाजारला गेलो.

"काहून, खराब निंघाला का?" दुकानदाराने विचारलं.

"पंप चांगला हाय भाऊ," मी म्हणालो, "बसवणारा खराब निंघाला."