जूनमधला बर्फ

ओमानमधल्या दुक्ममध्ये दोनच ऋतू असतात, एसी चालू आणि एसी बंद. आमच्या प्रोजेक्टवरच्या जपानी साहेबांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर कागदाचं लांब चित्र टांगलेलं असायचं आणि ऋतू बदलला की साहेब ते बदलायचे. तशीच चित्रं त्यांच्या जपानमधल्या घरी होती. तिथे त्यांची बायको त्याच दिवशी तेच चित्र लावायची. मग रोज दुपारी व्हिडिओ कॉलवर दोघं एकाच ऋतूत बसायची.

जूनमध्ये साहेब चार दिवस मस्कतला गेले. जाताना म्हणाले, "सोमवारी निळ्या फुलांचं लाव." नेमका सोमवारी एसी बिघडला. घामाने निथळत मी चित्रांची पेटी उघडली आणि बर्फाने वाकलेल्या बांबूचं चित्र टांगून मोकळा झालो. म्हटलं, साहेबांना तेवढाच गारवा.

साहेब आले ते थेट कॉललाच बसले. पडद्यावर त्यांच्या बाई बोलता बोलता मागच्या भिंतीकडेच बघत राहिल्या. साहेबांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "तिला वाटलं, मी विसरलो."

"सर, सांगा त्यांना, गाढव मी आहे. आमच्याकडे बर्फ फक्त फ्रीजमध्ये पडतो."

साहेबांनी सांगितलं. बाई उठून गेल्या. पडद्यावर नुसती निळी फुलं उरली. मग दोन हात आले, फुलं उतरली आणि तिथे बर्फाचा बांबू लागला. बाई परत बसल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात मफलर होता.

साहेब घाईघाईने इकडेतिकडे मफलर शोधू लागले. मी माझा घामाचा टॉवेल पुढे केला. त्यांनी तो नीट गळ्याभोवती गुंडाळला.