मिरग निघाला की

दिंद्रुडचा बंकट विहिरी खणायचा. निजामाच्या राजवटीतले ते दिवस. होळी झाली, पाणी तळाला गेलं की गावोगावहून त्याला बोलावणं यायचं. पहार, घण आणि चार गडी घेऊन तो विहिरीत उतरायचा. खडक फोडता फोडता गड्यांच्या नकला करायचा, मोठ्यानं गायचा. तो असला की गड्यांना दुपार जड जात नसे.

मिरग निघाला, पाऊस लागला की काम बंद व्हायचं. बंकट घरी यायचा आणि मुका व्हायचा.

लग्नानंतरच्या पहिल्या पेरणीतच कडूबाईनं ते पाहिलं. सगळा गाव हरखून शेतात गेलेला, आणि तिचा नवरा पेरणीच्या चार ओळी घालून, तिफण तशीच सोडून बांधावर बसला.

"अवो, बैलं उभी हायती."

"दिसतंय मला," बंकट म्हणाला. पण उठला नाही. शेवटी कडूबाईनं माहेरी निरोप धाडला. तिचा भाऊ सिदू आला आणि त्यानं पेरणी उरकली.

"पाऊस आला अन् बंकट सुतकात बसला," असं म्हणून लोक हसायचे. सासू चंद्रभागाबाईला वाटलं, बाहेरची बाधा असेल. तिनं त्याला नारायणगडावर देवाला नेऊन आणलं. माजलगावच्या हकिमानं गोड चाटण दिलं, कडूबाईनं ते नेमानं चाटवलं. पोळ्याच्या सुमारास बंकट एकाएकी पोटभर जेवला आणि हसला. सासूनं लगेच गडाला नारळ फोडला. पुढच्या मिरगात पुन्हा तेच.

"कावून होतं असं? माझं काय चुकतंय का?" कडूबाईनं एकदा विचारलं.

"तुझं काय न्हाई. मलाच कळंना. सकाळी डोळा उघडला की वाटतं, अंगावर दगड ठिवलाय कुनी. लोकं हसतेत ते ऐकू येतं. लाज वाटते. पर उठवत न्हाई."

त्यानंतर तिनं त्याला हाका मारून उठवणं सोडलं. उन्हाळा सरत आला की सिदूला आधीच सांगून ठेवायची. बंकटच्या पुढ्यात अंबाडीचा वाख ठेवायची. एखाद्या दिवशी तो हातभर दोर वळायचा, एखाद्या दिवशी हात लावायचा नाही. कोणी दारात येऊन टोमणा मारला की ती म्हणायची, "दुखनं हाय त्यांना." कसलं, ते तिलाही सांगता येत नसे.

सासू गेली. सिदूही थकला. एका आषाढात कडूबाईला ताप भरला. दोन दिवस चूल पेटली नाही. बंकट भिंतीला टेकून तिच्याकडं बघत होता. तिसऱ्या दिवशी तो कसाबसा उठला, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि तिच्या उशाशी बसला.

"भाकरी थापावी म्हनलं, तर पिठापर्यंत जाववंना," तो म्हणाला आणि रडू लागला. "तुझे लई हाल केले मी."

कडूबाई पाणी प्यायली. "शेजारच्या सुभद्राबाईला हाक तरी मारा," ती म्हणाली.

तो दारापर्यंत गेला. बाहेर बाया खुरपी घेऊन, मोठ्यानं बोलत शेताकडं चालल्या होत्या. त्यांतच सुभद्राबाई होती. बंकटनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. त्या पुढं निघून गेल्या. तो चौकटीला धरून तिथंच उभा राहिला. आतून कडूबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. या, बसा इथं."