सुभेदाराची ओल

खंडाळ्याच्या त्या बंगल्यात अंबाजीचं उभं आयुष्य ओलीशी भांडण्यात गेलं. मालक राजेंद्रसाहेब मुंबईचे; सुट्टीला यायचे आणि जायचे. बाकीचे दिवस बंगला अंबाजीच्या ताब्यात असे, आणि पावसाळ्यात बुरशीच्या. कपाटांत विजेचा दिवा जळता ठेवायचा, गाद्या उभ्या करून त्यांच्यामागे शेगडी ठेवायची, खोल्याखोल्यांतून कडुनिंबाचा धूर फिरवायचा. भिंतींना पाझर फुटायचे, काडेपेटी पेटायची नाही, पण साहेबांच्या एकाही कोटावर कधी पांढरा डाग पडला नाही. आसपासच्या बंगल्यांचे राखणदार गालिचा कुबट झाला की त्यालाच विचारायला यायचे. "ओल माजं ऐकती," असं तो म्हणे, आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं.

साहेबांची मुलगी यशोधरा लहानपणी सगळा उन्हाळा इथेच काढायची. गावातली माणसं अंबाजीला भाऊ म्हणत, ही मात्र आबा म्हणायची, आणि मोठी होऊन नोकरीला लागली तरी आबाच म्हणत राहिली. मुंबईच्या घरी तिने एक घोरपड पाळली होती. इथल्या डोंगरातली नव्हे. आफ्रिकेच्या माळरानातली, सरकारदरबारी रीतसर नोंदवलेली. पोट पुढे काढून रुबाबात चालायची, म्हणून तिचं नाव सुभेदार.

त्या वर्षी यशोधराला रक्ताचा कॅन्सर निघाला. असं जनावर घरात नको, त्याच्यापासून तिला संसर्ग होईल, असं डॉक्टरांनी बजावलं. पावसाच्या तोंडावर ड्रायव्हर काचेची मोठी पेटी आणि सुभेदाराला खंडाळ्याला सोडून गेला. यशोधराने व्हिडिओ कॉल करून सगळं समजावलं. डोक्याला रुमाल बांधला होता तिने.

"आबा, पेटीच्या एका टोकाला वर दिवा आहे ना, ते त्याचं ऊन. दुसरं टोक गार राहू द्या. माती खोल आहे, ती ओलसर हवी. तो अंग शेकतो बाहेर, पण निजतो बिळात, आणि बिळात त्याला दमट लागतं. रोज पाणी फवारा. काचेला ओल मोजणारा तो गोल काटा चिकटवलाय, तो सत्तरच्या आसपास असू दे."

"व्हय ताई. तुमी बऱ्या होऊन या. हा हितं मजेत ऱ्हाईल."

"दिवाळीला येणार मी."

"या की. तवर ह्याला अंडी चारून पैलवान करतो."

खाणं पुण्याहून यायचं: डबाभर जिवंत झुरळं. जन्मभर झुरळं मारलेला माणूस आता ती जपून ठेवू लागला. वाण्याने अंडी देताना विचारलं, "काय भाऊ, पाहुणा अंडी खातो आन् तुमी?" अंबाजी म्हणाला, "मी पाहुण्याचं उष्टं."

पहिल्याच आठवड्यात सुभेदाराने शेपटीचा फटका मारला आणि काचेवरचा काटा खाली पडला. ओल्या काचेला तो पुन्हा चिकटेना. अंबाजीने पेटीच्या शेजारी भिंतीत खिळा ठोकला आणि काटा तिथे टांगला. खोली एकच, हवा एकच. त्याला त्यात वावगं काही वाटलं नाही.

मग मातीवर पांढरी बुरशी दिसली. शत्रू ओळखीचा होता. त्याने फोन केला.

"काटा किती दाखवतोय?" यशोधराने विचारलं. आवाज खोल गेला होता. औषध देऊन नुकतंच घरी आणलं होतं तिला.

"नव्वदच्या वर."

"खूपच झालं की. मग फवारणं बंद करा, आबा. माती थोडी वाळू द्या."

थोडी हा शब्द अंबाजीने ऐकला, पण ओलीच्या बाबतीत थोडं काही करायची त्याला सवय नव्हती. सगळी माती काढून पत्र्यावर पसरली, खाली शेगडी ठेवून भाजणी भाजावी तशी परतली आणि पुन्हा भरली. बुरशी गेली. काटा नव्वदवरून हलेना, म्हणून पेटीत कपाटातल्यासारखा आणखी एक दिवा लावला. पाण्याची पसरट घमेली होती, तीही ओल वाढवते म्हणून काढली आणि वाटीभर पाणी ठेवलं. ते वाटीतलं पाणी दुपारपर्यंत आटायचं. सुभेदार पितोय, असं त्याला वाटायचं.

बाहेर धुकं खिडकीला टेकलेलं असे. सुभेदार दिव्याखालून हलायचा नाही. कात सुटायला आली, पण अंगावरच राहिली. बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर कागदासारखी आवळून बसली. पुढे त्याने अंड्याकडे बघणंही सोडलं.

"खात न्हाई, ताई."

"जागा नवीन आहे ना," ती म्हणाली आणि तिला खोकला आला.

फोन साहेबांनी घेतला. बाजूला जाऊन हळू आवाजात म्हणाले, "अंबाजी, तिला ताप आहे. असलं काही सांगत जाऊ नकोस."

मग अंबाजीने सांगणं बंद केलं. "बरा हाय" एवढंच म्हणायचा.

गौरी-गणपती झाल्यावर कुसगावहून त्याची बायको रतनबाई डबा घेऊन आली. त्या जनावराची तिला किळस होती, म्हणून आजवर ती खोलीत शिरली नव्हती. त्या दिवशी दारातून तिने पाहिलं आणि आत आली. पेटीचं झाकण सारून तिने मातीत हात घातला.

"अवो, ही तर चुलीतली राख हाय."

"काय बोलती? काट्याकडं बघ की. नव्वद."

"काटा भिंतीवर हाय. जनावर कुटं हाय?"

अंबाजीने काटा खिळ्यावरून काढला आणि पेटीत ठेवला. सुई खाली येऊ लागली. सत्तर गेलं, पन्नास गेलं, तरी ती थांबेना. वीसच्याही खाली गेली तेव्हा रतनबाईने नजर दुसरीकडे वळवली.

त्याच दुपारी गाडी करून त्याने सुभेदाराला टोपलीतून पुण्याला नेलं. उर्स्याच्या टोलनाक्यावर रांग होती. टोपलीवरचं ओलं फडकं तो पुन्हा पुन्हा भिजवत राहिला. जनावरांच्या डॉक्टरांनी सुजलेले सांधे दाबून पाहिले, रक्त तपासलं. म्हणाले, "मूत्रपिंडं गेलीत. बरेच दिवस याला पाणी कमी पडलंय. कोमट पाण्यात बसवा, औषध देतो. पण फार आशा ठेवू नका."

रतनबाई बंगल्यावरच राहिली. अंबाजीने पेटी नव्याने लावली. माती भिजवली, शेवाळ आणून बिळात भरलं, घमेली परत ठेवली. काटा आत बांधला. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात सुभेदाराला धरून बसायचा, हनुवटीखाली बोट ठेवून. भिजलेली कात बोटांवरून सोलून निघाली. खालची दोन बोटं काळी पडली होती. एका दुपारी पाण्यातच सुभेदाराची मान जड झाली. पाणी निवल्यावर अंबाजीने त्याला बाहेर काढलं आणि टॉवेलने पुसलं.

साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "तिला इतक्यात सांगायचं नाही. काहीतरी सांभाळून घे."

यशोधराचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "निजलाय." दुसऱ्या दिवशीही निजलाच होता. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "निजलेला दाखवा. मला फक्त बघायचंय."

अंबाजी खोलीच्या दारात उभा होता. कॅमेरा चालू करून फोन पेटीकडे वळवणं त्याच्याने झालं नाही.

"ताई, सुभेदार गेला."

मग त्याने सगळं सांगितलं. खिळा, काटा, शेगडीवरची माती, वाटी. साहेब रागावतील हे त्याला माहीत होतं. नोकरी जाईल, असंही त्याच्या मनात आलं.

"काटा कुठे आहे, हे मी विचारलंच नाही," ती म्हणाली. "फवारणं बंद करा म्हणून मीच सांगितलं, आबा."

"न्हाई. तुमी आजारी. मी धडधाकट. पेटीत हात घालून बघायला मला काय झालतं?"

पलीकडे कोणीतरी तिला काही विचारलं. तिने त्यांना थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "त्याला तहान लागत असेल का हो?"

नाही म्हणणं सोपं होतं. अंबाजीने एकदा रतनबाईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती.

"व्हय ताई. लागत असंल. लय लागत असंल."

ती रडू लागली. आवाज न करता, पण फोनवर कळत होतं. अंबाजीने कानापासून फोन जरा लांब धरला.

"ठेवू नका, आबा," ती म्हणाली. "बोलू नका काही. नुसते थांबा."

"हाय मी," तो म्हणाला, आणि उंबरठ्यावर बसला.