आवाज कामावर, बाई घरी

प्रेमा तायडेला कंपनीने काढलं आणि तिचा आवाज मात्र ठेवून घेतला.

माणूस काढताना त्याचं काय ठेवून घ्यावं याचे शहरातले कायदे वेगळे असतील. आमच्याकडे सालगडी काम सोडून निघाला की घोंगडी, काठी, विळा, सगळं त्याच्या खांद्यावरून त्याच्यासोबत जातं. मालक कितीही चेंगट असो, गड्याची हाळी तो गोठ्यात टांगून ठेवत नाही. अंधेरीच्या एमआयडीसीतली माणसं शिकलेली. त्यांना ते जमलं.

प्रेमा मूळची मेहकरकडची. लग्न होऊन चारकोपला आली, सेक्टरातल्या बैठ्या घरात संसार मांडला, आणि पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बावीस वर्षं बसली. विहिरीत बादली हळूच टेकावी आणि पाण्याने तिला आत घ्यावं, तसा तिचा आवाज. चिखलीचा दुकानदार असो की जालन्याचा बागाईतदार, तापून फोन करायचा आणि दोन वाक्यांत निवायचा. नमस्कार म्हणणाऱ्याला नमस्कार, रामराम म्हणणाऱ्याला रामराम, जय भीम म्हणणाऱ्याला जय भीम. कोण काय म्हणतो हे ती आवाजावरून आधीच ओळखायची.

पण तिचं खरं काम निराळंच होतं, आणि ते कंपनीच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. इंजिनिअर मंडळी नेहमी जेवायला गेलेली असत. भूक हा त्या खात्याचा मुख्य गुण होता. मग पलीकडच्या माणसाला ती म्हणायची, "दादा, फोन जरा मोटरजवळ धरा." आणि ऐकायची. नुसती घुमते म्हणजे कपॅसिटर. किरकिरते म्हणजे बेअरिंग. वाळूवरून बैलगाडी गेल्यासारखी खरखर आली तर पंखा घासतोय. बावीस वर्षांत तिने हजारो पंप ऐकले. हात मात्र एकालाही लावला नाही. इंजिनिअर जेवून आले की विचारत, "प्रेमाताई, काय झालंय तिकडे?" ती सांगे, ते लिहून घेत आणि खाली आपली सही करत.

दोन वर्षांपूर्वी अनिरुद्ध नावाचा तरुण मॅनेजर आला. येताच म्हणाला, "ताई, तुमचा आवाज म्हणजे कंपनीची दौलत आहे. रेकॉर्ड करू या ना. फक्त सुट्टीच्या दिवसासाठी हं." तिला गोरेगावच्या स्टुडिओत नेलं. कानांवर मोठे डबे चढवून तीन तास बोलून घेतलं. "मराठीसाठी एक दाबा." "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." "क्षमा करा, आपला पर्याय समजला नाही." संध्याकाळी पुष्पगुच्छ दिला, वर इंग्रजीत छापलेलं प्रमाणपत्र दिलं. प्रेमाने गल्लीत पेढे वाटले. स्वतःची तिरडी बांधायला काथ्या आणून दिल्याचे पेढे वाटणारं माणूस चारकोपात तरी ते पहिलंच असावं.

सुट्टीचे दिवस वाढत वाढत आठवड्याचे सात झाले. मग पत्र आलं. 'आपले पद अतिरिक्त ठरले आहे.' अतिरिक्त हा शब्द आम्हा खेड्यातल्यांना नवा नाही. शाळेत पोरं कमी झाली की मास्तर अतिरिक्त ठरतो. पण त्याला निदान पुढचं गाव दाखवतात. प्रेमाला दार दाखवलं, तेही हसून.

कंपनी अगदीच निर्दय नव्हती. काढलेल्या अकरा जणांसाठी तिने एका हॉटेलात 'नव्या वाटा' नावाचं शिबिर ठेवलं. गार्गी नावाच्या मार्गदर्शक बाईंनी सगळ्यांना गोल बसवून विचारलं, "तुमची पॅशन काय आहे?"

प्रेमा म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे सकाळी उठल्यावर कशाची ओढ वाटते?"

"नळाची," प्रेमा म्हणाली. "पावणेसहाला जातो."

गार्गीबाईंनी वहीत 'गृहउद्योग' असं लिहिलं.

पुढे घरोघर तेच निघालं. बाईची नोकरी गेली की तिने पोळीभाजी केंद्र काढावं, याबाबत सगळ्या मुंबईचं एकमत आहे. मंत्र्यापासून वॉचमनपर्यंत कुणाचंही दुमत नाही. शेजारची जया म्हणाली, "अगं, टाक ना पोळीभाजी. झकास चालतं. मराठी माणसाने धंद्यात उतरलंच पाहिजे." जया स्वतः सरकारी बँकेत होती आणि धंद्यात उतरण्याचा तिचा काही विचार नव्हता.

प्रेमाच्या पोळ्या कशा असतात हे फक्त श्यामसुंदरला ठाऊक होतं. श्यामसुंदर तिचा नवरा, पार्ल्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत साहाय्यक. ॲसिडाच्या बाटल्यांमध्ये आयुष्य गेलेला सोशीक माणूस. तो एवढंच म्हणाला, "पोळ्यांचं नको गं. लोक पैसे देऊन खाणार. आता आराम कर. बस झालं."

"मी काय दमले म्हणून काढलंय का मला?" ती म्हणाली. "मला पंप कळतात रे. बावीस वर्षं कळतात. ते काय पिठात मळू?"

तिचं मागणं एवढंच होतं. जे येतं त्याचं काम मिळावं, आणि या वेळी ते कागदावर तिच्या नावाने असावं. मागणं साधं होतं, म्हणून कुणाच्या यादीत बसत नव्हतं.

अशात तिला कळलं, चिखलीचे भाऊराव सरकटे मुंबईत आलेत. भाऊराव म्हणजे कंपनीचे जुने दुकानदार. गावचं दुकान मुलावर सोपवून त्यांनी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत पंप दुरुस्तीचा गाळा घेतला होता. इथे टॉवरागणिक चार पंप, आणि एक बंद पडला की तीनशे कुटुंबं साबण लावून उभी. भाऊरावांना माणसं हवी होती. चौदा वर्षं रोज सकाळी पहिला फोन त्यांचा असायचा. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण प्रेमाला वाटलं, हा तर आपलाच माणूस.

ती गाळ्यात गेली. धोतरटोपीचा म्हातारा तिच्या मनात होता. समोर जीन्समधला, केस रंगवलेला गृहस्थ.

"जय भीम, भाऊ," ती म्हणाली.

भाऊरावांनी मान वर केली. चेहरा अनोळखी, आवाज ओळखीचा. त्यांचं तोंड कडू झालं.

"प्रेमाताई ना तुम्ही? आता बरं जय भीम सुचलं!"

"म्हणजे?"

"म्हंजे काय? तीन महिन्यांपासून म्या सकाळी जय भीम घालतो. तुम्ही म्हनता, मराठीसाठी एक दाबा. अवो, मी मराठीतच तं बोलून राह्यलो! पुन्हा म्हनलं जय भीम, तं म्हनता, समजलं नाही. जय भीम समजलं नाही? मेहकरच्या लेकीले? सगळ्या तालुक्यात सांगतलं म्या, बाईले मुंबईचं वारं लागलं."

प्रेमा स्टुलावर बसली. नोकरी गेली तेव्हा ती रडली नव्हती. गावाकडे आपण जय भीम न घेणारी बाई झालोय, हे मात्र तिला लागलं. चौदा वर्षांचं नाव एका यंत्राने तीन महिन्यांत धुऊन टाकलं होतं, तेही तिच्याच गोड आवाजात.

"भाऊ, ती मी नाही."

"आवाज तुमचाच हाये."

"आवाज माझा आहे. मी नाही. लावा फोन. आत्ता लावा."

भाऊरावांनी फोन स्पीकरवर लावला. गाळ्यात प्रेमाचा आवाज पाझरला. "नमस्कार. मराठीसाठी एक दाबा."

"जय भीम," भाऊराव फोनला म्हणाले.

"क्षमा करा, आपला पर्याय समजला नाही."

"जय भीम, भाऊ," स्टुलावरची प्रेमा म्हणाली.

भाऊरावांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मेलेल्या माणसाने आपल्याच दहाव्याला येऊन पान वाढायला घ्यावं, तसं त्यांना वाटलं असावं.

"म्हंजे बाई घरी अन् आवाज ड्युटीवर?"

"हो."

"अन् पगार कोनाले?"

"कुणालाच नाही. म्हणून तर केलं."

भाऊरावांनी फोन बंद केला. मग म्हणाले, "चुकलं ताई. तालुक्यात सांगतलं ते आता तालुक्यात पुन्हा सांगीन. उद्यापासून या इथं. फोनवर बसा."

चांगला माणूस. ज्या विहिरीतून बाई आत्ता वर आली होती, तीच त्याने तिला मोठ्या मनाने देऊ केली.

"फोनवर नाही बसणार, भाऊ. दुरुस्तीला घ्या."

मागे मिथुन नावाचा मेकॅनिक पंपावर वाकला होता. चाळिशीचा, कोपरापर्यंत ग्रीसने काळा. तो खुदकन हसला.

"पाना धरला का कधी?" भाऊरावांनी विचारलं.

"नाही."

"खरं बोलता, हे बरं हाये. मिथुन, तो बोरिवलीचा पंप चालू कर."

"त्याचं बेअरिंगच आहे शेठ," मिथुन म्हणाला. "दोनदा बदललं. वाट लागलीय त्याची. काकी काय सांगणार?"

पंप चालू झाला. पत्र्याच्या गाळ्यात आवाज असा आदळला की प्रेमाने डोळेच मिटले. तिने कान लावला, वाकली, इकडून ऐकलं, तिकडून ऐकलं. काही म्हणजे काही कळेना. नुसता गोंगाट. बावीस वर्षांचं ज्ञान पंप दोन हातांवर येताच मुकं झालं होतं. मिथुनच्या मिशीत हसू पसरलं.

मग ती सरळ झाली आणि ओरडून म्हणाली, "भाऊ, मी बाहेर जाते. मला फोन लावा. आणि तुमचा फोन मोटरजवळ धरा."

"समोर उभ्या हाये ना तुम्ही!"

"समोरून नाही कळत मला. लांबून कळतं."

ती रस्त्यावर गेली. रिक्षांच्या रांगेपाशी, चहाच्या टपरीमागे, एका कानाला फोन आणि दुसऱ्यात बोट घालून उभी राहिली. आतला सगळा गलबला त्या बारीक छिद्रातून गाळून आला आणि ओळखीचा झाला.

"अजून खाली धरा. सक्शनकडे न्या, पाणी ओढतो तिकडे. हां. आता वर. पुन्हा खाली." तिने बोट कानात आणखी घट्ट रुतवलं. मग म्हणाली, "भाऊ, बेअरिंग नाही. हवा खातोय. आत गारगोट्या उडाल्यासारखं वाजतंय बघा. सक्शनच्या जोडावर पाणी ओतायला सांगा."

मिथुनने पाण्याचा मग उचलला आणि जोडावर ओतला, बाईची खोड मोडायचीच अशा थाटात. आवाज एकदम खाली बसला. पाणी ओघळून गेलं तसा पुन्हा चढला. पुन्हा ओतलं, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा त्याने ओतलं नाही. त्याने पंप बंद केला.

प्रेमा परत आली तेव्हा भाऊरावांनी पाना तिच्यापुढे धरला होता. "जोड तुम्हीच खोला. दुरुस्तीले यायचं तं हात काळे करा. एक महिना बघतो. जमलं तं पाटीवर नाव टाकीन. नाही जमलं तं राग नाही."

"पाटीवर नंतर टाका. आजच्या कामाच्या कागदावर आज टाका."

भाऊरावांनी कागद ओढला, 'प्रेमा तायडे' असं लिहिलं आणि सहीची जागा रिकामी सोडली.

"काम झालं की करा."

चार बोल्ट खोलायला तिला पाऊण तास लागला. दोनदा पाना सटकला, एकदा नख मोडलं. आतलं पॅकिंग एका बाजूने चिरलेलं निघालं. मिथुनने नवं कापून दिलं. तिने ते बसवलं, बोल्ट आवळले, कपाळाचा घाम मनगटाने पुसला, आणि कपाळावर एक काळा पट्टा उमटला. पंप गुमान चालला. भाऊरावांनी पेन पुढे केलं.

तेवढ्यात मिथुनने जमिनीवरून एक वायसर उचलला आणि तळहातावर ठेवून तिला दाखवला.

"काकी, हा उरला."

प्रेमाने वायसरकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं. चालत होता. कुणाला कळलंही नसतं. अंधेरीच्या जेवायला गेलेल्या मंडळींनी तर केव्हाच सही ठोकली असती.

"बंद कर रे," ती मिथुनला म्हणाली, आणि पहिल्या बोल्टला पुन्हा पाना लावला.