रेघेखालचा निष्कर्ष

पालघरच्या दवाखान्यात राऊत सरांना शेवटचं भेटायला गेलो, तेव्हा सर उशीला टेकून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत सलाइनचे थेंब मोजत होते. मी दारातच थांबलो. सर मोजत असताना मध्ये बोलायचं नाही, ही आमच्या प्रयोगशाळेतली पहिली शिस्त. मिनिट झालं तसे म्हणाले, "अठरा. सिस्टर म्हणते वीस. तीनदा मोजलं गजानन, अठराच येतात." मी हसलो, आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेलो, "सर, बरे दिसताय." सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "हे निरीक्षण, की अपेक्षा?" मोसंबी टेबलावर ठेवली आणि निघालो. नवव्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेतले स्टँड पुसत होतो, तेव्हा त्यांच्या मुलाचा फोन आला. "गजूदादा, बाबा गेले." फोन ठेवल्यावरही मी तोच एक स्टँड कितीतरी वेळ पुसत राहिलो. आता दीड महिना झालाय. तो प्रश्न मात्र तसाच पडून आहे.

मी कॉलेजात शिकवत नाही आणि कॉलेजात शिकलोही नाही. मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सुटली आणि मामाच्या मागोमाग बोईसरला आलो. मामानं तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत रसायनांची पिंपं भरायच्या कामाला लावलं. दोन वर्षांत हाताची सालं निघाली, खोकला जडला. मग कुणाच्या तरी ओळखीनं एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चिकटलो. नोकरी हंगामी, दर जूनला नेमणुकीचा नवा कागद. तो हातात पडेपर्यंत मे महिनाभर रोज ऑफिसच्या दारात चक्कर मारायचो. गावाकडं आई सगळ्यांना सांगायची, "आमचं पोरगं कॉलेजात हाये." कागद आला नाही तर परत पिंपं, नाहीतर आईसमोर उभं राहणं. दोन्हीची सारखीच भीती. कॉलेजात सगळे मला 'ए गजा' म्हणत. राऊत सर पहिल्या दिवसापासून 'गजानन, तुम्ही' म्हणाले. मला आधी वाटलं, माझ्या मागं कुणी उभं आहे.

सर चिंचणीचे. दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला पहिल्या वर्षाच्या पोरांना ते एकच भाषण द्यायचे आणि मी मागं उभा राहून ऐकायचो. "बरोबर उत्तर मला नको, ते पुस्तकात आहे. तुम्हाला काय दिसलं ते लिहा. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. पुसलेला आकडा म्हणजे पळून गेलेला साक्षीदार." भिंतीवर त्यांच्याच अक्षरातला तक्ता होता: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. मी तो रोज पुसायचो. वाचला कधीच नव्हता, खरं तर.

माझ्याकडं एक निळी वही होती. आधीच्या मदतनीसानं जाताना कपाटाच्या किल्लीबरोबर दिलेली. प्रत्येक प्रयोगाचे 'चांगले येणारे' आकडे तिच्यात होते. कुणाला सफाळ्याची गाडी गाठायची असे, कुणाला घरी जाऊन आईबरोबर मासळीच्या टोपल्या उचलायच्या असत. "दादा, वही द्या ना," म्हणत आणि मी देई. त्यात मला चोरी वाटत नव्हती. तहानलेल्याला तांब्या द्यावा तसं वाटायचं. आणि पोरं 'गजूदादा' म्हणायची... घरापासून इतक्या लांब ते फार गोड लागायचं.

एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सरांनी नव्या स्प्रिंगा मागवल्या. जुन्या ताणून ताणून सैल झाल्या होत्या. प्रयोग साधा: स्प्रिंगला वजन टांगायचं आणि ती किती लांबते ते पट्टीवर मोजायचं. नव्या स्प्रिंगा मीच लावल्या, माझ्या हातानं. आणि त्याच आठवड्यात, त्याच हातानं, जुनी वही पोरांना दिली. माझ्या डोक्यात या दोन गोष्टींची कधी गाठच पडली नाही. स्प्रिंग ही पुसायची वस्तू होती आणि वही पास व्हायची.

पुढच्या गुरुवारी सर जर्नलांचा गठ्ठा घेऊन आत आले. काही न बोलता त्यांनी शंभर ग्रॅमचं वजन लावलं आणि सातपाटीच्या प्रणालीला पुढं बोलावलं. "वाच. किती लांबली?" ती पट्टीजवळ वाकली. "एक पूर्णांक नऊ सेंटीमीटर." "तुझ्या जर्नलात?" सरांनीच पान उघडून तिच्यासमोर धरलं. "चार पूर्णांक दोन," ती म्हणाली. "बावीस जर्नलं. बावीस वेळा चार पूर्णांक दोन." मग प्रणालीनं मान वर केली. "सर, आमी सगल्यांनी उतरवलं. मोजलं नाय." "कुठून उतरवलं?" एरवी कुठं काही अडलं की पोरं माझ्याकडं बघायची. त्या दिवशी बावीसांपैकी एकानंही माझ्याकडं पाहिलं नाही. सर म्हणाले, "ठीक. हे कुठून आलं ते कळेपर्यंत एकाही जर्नलवर सही नाही." सही नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा पुढच्या आठवड्यात होती.

संध्याकाळी एस.टी. स्टँडवर पोरांनी मला गाठलं. "दादा, तुमी काय बोलू नका, आमी बगतो," एकजण म्हणाला. प्रणाली म्हणाली, "यांनी बोलायची गरजच काय! थोबाड बगून सर वलखतील. दादा, जरा हसा तरी, मयताला आल्यासारखे काय उबे!" सगळे हसले. मीही हसलो बहुतेक. रविवारी मामाला सांगितलं. मामानं तंबाखू मळता मळता निकाल दिला. "तोंडाला कुलूप लाव. पोरं शिकलेली हायेत, काढतील वाट. तुला कोन वाट काढून देनार हाये?" मामाचं खरं होतं. मला तर तेव्हा सगळ्यांचंच खरं वाटत होतं.

सोमवारी सर यायच्या आधी जाऊन दारात उभा राहिलो. ते आले. नुसता "सर... सर..." करत राहिलो. सरांनी एक कोरा कागद पुढं सरकवला. "बोलता येत नसेल तर लिहा." "मला लिहिता येत नाही सर, मी नववी..." "तक्ता रोज पुसता ना? त्याच्यासारखं लिहा."

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून लिहिलं. उद्देश: पोरांनी मला आपलं म्हणावं. साहित्य: निळी वही, कपाटाची किल्ली. कृती: मी नव्या स्प्रिंगा लावल्या. मी जुनी वही दिली. इथं पेन थांबलं. दोन वाक्यं एकाखाली एक आली तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की या सगळ्या कॉलेजात दोन्ही गोष्टी माहीत असलेला माणूस मी एकटाच होतो. निरीक्षण: बावीस जणांची परीक्षा अडकली आहे. कुणीही माझं नाव घेतलेलं नाही. निष्कर्ष: मी नालायक माणूस आहे. मला कामावरून काढावे.

सरांनी उभ्यानंच वाचलं. मी त्यांच्या चपलांकडं बघत होतो. त्यांनी पेन काढलं, शेवटच्या ओळीवर एकच रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: 'हा निष्कर्ष निरीक्षणातून निघत नाही. पुन्हा लिहा.' कागद परत दिला. मी पुन्हा लिहिलं: स्प्रिंग बदलली की जुने आकडे चालत नाहीत. मला दोन्ही माहीत होतं, मी शेजारी ठेवून पाहिलं नाही. सरांनी मान हलवली. मग त्याखाली स्वतःच्या हातानं एक मथळा वाढवला, 'त्रुटींची कारणे', आणि लिहिलं: 'स्प्रिंग तीच म्हणून आकडे तेच, असे समजून मी तीन वर्षे न पाहता सह्या केल्या.' खाली सही केली. कागदाची झेरॉक्स काढून आणायला मलाच पाठवलं. झेरॉक्स घेऊन ते प्राचार्यांकडं गेले, मूळ कागद माझ्याकडंच राहिला.

अर्ध्या तासानं बाहेर आले. "मुलं उद्या परत मोजतील, मग मी सह्या करीन. वही माझ्या कुलपात राहील." मी विचारलं, "आणि माझं, सर?" "जूनमध्ये तुमचा कागद येईल की नाही, मला माहीत नाही. 'येईल' म्हटलं तर ती अपेक्षा होईल, गजानन. मला जे सांगायचं होतं ते सांगून आलोय." त्या वर्षीचा मे मी कसा काढला ते मलाच ठाऊक. कागद आला. सरांनी आत नेमकं काय सांगितलं होतं ते मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. जुलैत नवी पोरं आली, तेव्हा भाषण संपवून सर म्हणाले, "पट्टी कशी वाचायची ते गजानन दाखवतील." तेव्हापासून दरवर्षी मीच दाखवतो. डोळा पट्टीच्या अगदी समोर. वरून पाहिलं की आकडा आपल्याला हवा तिकडं सरकतो.

हे लिहायला बसलो तेव्हा पहिलं वाक्य आलं, 'सर शांतपणे गेले.' सगळे तसंच लिहितात. त्यावर रेघ मारली. मी तिथं नव्हतो. मी होतो त्याच्या नऊ दिवस आधी, आणि तेव्हा मला जे दिसलं ते मी सांगितलं नाही. म्हणून आज सांगतो, सर... हात उचललात की घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. अठरा थेंब मोजताना तुम्ही दोनदा मध्येच डोळे मिटलेत. बोलताना दम लागत होता. तुम्ही बरे दिसत नव्हता. मी घाबरलो होतो.

सरांनी रेघ मारलेला तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. रोज सकाळी वजनं काढायला दार उघडलं की आधी तोच दिसतो. शाई आता फिकट झालीय, पण रेघेखालचं अजून वाचता येतं. मी नालायक माणूस आहे. वाचतो, वरची रेघ बघतो, आणि वजनं काढून टेबलावर मांडतो.