वाटेवरचा चोथा

चीनमधल्या हफेई शहरातल्या वनस्पती उद्यानात बियान शौयीने एकतीस वर्षं काढली. पाट्या लिहायच्या, रोपं लावायची, हे नेमलेलं काम. जीव मात्र सगळा औषधी वाफ्यांत. वाळलेलं, उकळलेलं, कसलंही पान समोर धरा, गडी नाव सांगून मोकळा. आणि खुळचट समजुतींचा विषय निघाला की त्याच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

त्या वर्षी उन्हाळ्यापासून कुणीतरी रोज बागेतल्या वाटेवर काढ्याचा चोथा ओतून जात होतं. आमच्याकडे अजून मानतात हे. चोथा रहदारीत टाकायचा, परक्या लोकांनी तुडवला की दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं म्हणे. व्यायामवाल्यांना सहाला आत सोडत, खरी गर्दी सातनंतर. तेवढ्या वेळात बियान झाडू घेऊन वाट साफ करायचा.

"कोण टाकतं हो मास्तर?" फाटकावरच्या गेंगने एकदा विचारलं.

बियान उकिडवा बसून काडीने चोथा पसरत होता. "कोण ते देव जाणे, पण दुखणं वाईट आहे. हे गवत बघ, सापाच्या जिभेसारखं पान. पोटातल्या गाठीवर देतात. गेल्या महिन्यापेक्षा दुप्पट घातलंय."

"अरेरे! म्हणजे कठीणच की."

"मग दवाखान्यात मर ना जाऊन! माझी वाट का घाण करतोस?" असं म्हणून त्याने सगळं सुपलीत भरलं.

संध्याकाळी जेवताना तो बायकोला, सुइयुनला, फुशारकीने सांगायचा, "आजही एका पायाला लागू दिलं नाही! आलुबुखारच्या झाडांपाशी टाकलं होतं."

"जेव आधी, निवतंय," म्हणत ती माशाचा तुकडा त्याच्या वाडग्यात टाकायची. स्वतः दोन घास खाऊन उठायची. रोज सकाळी ती चौकातल्या बायकांबरोबर व्यायाम म्हणून नाचायला जायची. "नाचून नाचून काडी झालीस की," असं तो चिडवायचा, आणि ती हसायची.

दुसऱ्या दिवशी चोथा आलुबुखारपाशी नसे. बांबूच्या पुलापाशी असे. तिथला झाडला की तळ्याच्या वळणावर. बियान चक्रावला. मनातलं ओळखतो की काय लेकाचा! आता याला रंगेहाथ पकडायचाच.

शरदातल्या एका सकाळी तो पावणेसहालाच तळ्याच्या वळणावर झुडपामागे दबा धरून बसला. जरा वेळाने लाल जाकिटातली एक बाई आली. इकडेतिकडे पाहिलं, पिशवी उलटी केली, चोथा पायाने पसरायला गेली, पण पाय मागे घेतला आणि काडीने पसरू लागली. बियान ओरडायला उठला आणि तिचा चेहरा दिसला.

सुइयुन होती.

उन्हाळ्यापासून त्याने काय काय झाडून टाकलं होतं! आणि घरी जाऊन तिलाच ऐकवलं होतं, तिच्याच ताटासमोर बसून!

"तू?" तो झुडपातून बाहेर आला.

ती दचकली, मग खालीच बसली. "आपल्या यिंगचं बाळंतपण होऊ दे म्हटलं, मग सांगू. लेक सगळं टाकून धावत आली असती."

"आणि काढा?"

"शेजारच्या फांगताईच्या चुलीवर उकळते."

"अगं, मी रोज सांगत होतो, झाडलं म्हणून! एकदा तरी बोलायचंस! शिवी द्यायचीस!"

"बोलले असते तर कळलं असतं ना तुला. तू सांगायचास तेव्हा जागा कळायची. दुसरीकडे टाकायचे मग. पण तू तिथेही पोचायचास, बियान. एकदाही कुणाचा पाय पडू दिला नाहीस."

बियानला रडू आवरेना. चोथ्यात तेच गवत होतं. आता दुप्पट नव्हे, तिप्पट. त्याला सगळं वाचता येत होतं, हेच वाईट. एकतीस वर्षांत या समजुतीवर त्याने काडीचाही विश्वास ठेवला नव्हता. पण त्याचा पाय उचलला गेला आणि चोथ्यावर पडला. मग दुसराही.

"अरे, खुळा झालास का!" सुइयुन किंचाळली. "घरच्यांनी नाही तुडवायचं! माझं दुखणं तुला लागेल! म्हणून तर घरापासून इतक्या लांब, गर्दीच्या वाटेवर आणलं!" दोन्ही हातांनी ती त्याची बाही ओढू लागली.

"लागू दे," तो म्हणाला, आणि टाच दाबून दाबून तो ओला चोथा फरशीवर रगडत राहिला.